शेगडी विझली तेव्हा

सुनेच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मला चाळीस वर्षांपूर्वीची माझी बाज आठवली. त्याआधी माझं हसणं शहागंजातून थेट पैठणपर्यंत ऐकू जायचं. खोटं वाटत असेल तर पैठणला विचारा. पण थोरल्याच्या बाळंतपणानंतर मी हसायचीच बंद झाले. जरा हसलं, शिंकलं की लघवी सुटायची. सांगणार कुणाला?

त्याच बाळंतपणात एक दिवस मी बाजेवर पडलेली, खाली शेकाची शेगडी. शेजारच्या रजियाखालांनी नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल केली आणि मला आवरलंच नाही. खालचे निखारे चर्रकन विझले! धूर असा उठला की बंबच यायचा बाकी होता. मी पदरात तोंड खुपसून रडायला लागले.

"कायकू रोती? मला सहा लेकरं झाली, माझं बी असंच हाय," खाला म्हणाल्या.

सासूबाई शेगडी पुन्हा फुंकत पुटपुटल्या, "माझं बी."

तेव्हा केवढा धीर आला होता! आता मात्र तेच आठवून जीव थाऱ्यावर राहत नाही. तिघी होतो, आणि एकीनंही डॉक्टरीण गाठली नाही.

आत सून नाक दाबून शिंक अडवत होती. मी आत जाऊन धुरी बाजूला सारली.

"चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय, आपल्या दोघींना."