शिशाचा पट्टा

भिवपुरीजवळच्या तलावात एका मावशींचा तरणा मुलगा बुडाला, तेव्हा त्याला शोधायला बाहेरगावाहून एक पाणबुड्या आला होता. मी काठावरच्या गर्दीत होतो. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

पौषातली सकाळ. पाणी इतकं गार, की पाय बुडवायलाही कुणी तयार नव्हतं. त्यानं जाड रबरी सूट चढवला. असा सूट माणसाला वर तरंगवतो, म्हणून तो कमरेच्या पट्ट्यात शिशाचे तुकडे ओवू लागला. छातीभर पाण्यात जाऊन श्वास सोडून किती बुडतो ते बघायचा, परत येऊन एखादा तुकडा काढायचा. लोक वैतागले, खोटं कशाला सांगू, मीही वैतागलो.

"वजन जास्त झालं तर मी तळाशी आपटेन," तो शांतपणे म्हणाला. "गाळ उठला की मग मुलगा मला दिसायचा नाही."

बाजूला बसलेल्या मावशी उठून आल्या. त्यांनी पट्टा हातानं तोलून पाहिला.

"एवढं जड नको रं बांधू. तू तरी वर ये."

त्यानं पट्टा कमरेला लावला आणि त्यांचा हात बक्कलावर ठेवला. "ओढा, मावशी."

त्यांनी ओढलं. पट्टा सुटून धपकन चिखलात पडला.

"एवढं केलं की मी वर."

मावशींनी पट्टा उचलला, पदरानं पुसला आणि स्वतःच त्याच्या कमरेला बांधला.

"पाणी लई गार हाय," त्या म्हणाल्या. "दोघंबी लवकर या."