लिंबाच्या पाण्यातलं माणिक

समई अर्धी लखलखत होती, अर्धी अजून काळपट. तेवढ्यात सुगंधाचा हात थांबला. ताम्हनातल्या लिंबाच्या पाण्यात पितळेच्या देवांशेजारी सासूबाईंची माणकाची अंगठी होती, आणि लालभडक माणकावर कोळ्याने जाळं विणावं तशा पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

परबांच्या घरचा रिवाजच तसा. देव घासायचे त्या दिवशी अंगठीलाही देवांबरोबर आंघोळ, आणि रविवारी सूर्याला पाणी सोडून झालं की ती पुन्हा बोटात. एरवी सुगंधा एक बुडी देऊन अंगठी लगेच काढून घ्यायची. पण काल, शुक्रवारी, अंधेरीच्या रत्नपरीक्षेच्या वर्गात शेवटचं प्रॅक्टिकल लांबलं. जाण्याआधी तिने देव भिजत घातले होते, सोबत अंगठीही, आल्यावर काढू म्हणून. घरी आली ती थेट अंथरुणावर आडवी झाली, आणि अंगठी रात्रभर लिंबाच्या पाण्यात तशीच राहिली.

सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, खडा पाहिला आणि अंगठी पदराने पुसून देवघरात ठेवली. त्यांचं अर्ध्याहून जास्त आयुष्य इथे भटवाडीत गेलं, पण मन हललं की मालवणीच तोंडात येते.

"घरावर येवचां संकट खड्यान आपल्यार घेतल्यान," त्या म्हणाल्या. "सोमवारी तू खंय जांव नको."

सोमवारी सुगंधाला अंधेरीच्या रत्न तपासणीच्या लॅबमध्ये रुजू व्हायचं होतं. मुलगी अक्षता लग्न होऊन चेंबूरला गेली, तेव्हा रिकाम्या दुपारी काय करायचं म्हणून सुगंधाने रत्नपरीक्षेचा हा कोर्स धरला. मग त्या दगडांनी तिला असं धरलं की पोळ्या लाटताना पोळपाटावरच्या पिठातही तिला खड्यांच्या आतल्या रेघा दिसू लागल्या. शिकवणाऱ्या वसुधाताईंनी आपल्याच लॅबमध्ये जागा देऊ केली, पण स्पष्ट सांगितलं होतं की सोमवारी आली नाहीस तर दुसरीला बोलावणार.

चंद्रप्रकाशने, तिच्या नवऱ्याने, नेहमीप्रमाणे मधला रस्ता काढला. आईचं मन राख, महिनाभराने बघू, काम काय पळून जातंय. सुगंधाला माहीत होतं की हे काम पळून जाणारच आहे.

आणि रेघा कशाच्या हेही तिला पहिल्या नजरेतच कळलं होतं. तडे गेलेल्या स्वस्त माणकात काच वितळवून भरतात. खडा स्वच्छ, पाणीदार दिसतो. माणकाला लिंबू काही करत नाही, काचेला मात्र खातं. वर्गात हे तिने पाठ केलं होतं. तरी घरातल्या अंगठीला तिने कधी भिंग लावलं नव्हतं. देवासमोर ठेवलेल्या वस्तूची परीक्षा कशी घ्यायची, असं तिला वाटायचं.

आता देवाला नमस्कार करून तिने भिंग लावलं. तड्यांच्या कडेने निळी झाक चमकली. आत चपटे बुडबुडे, काचेचेच.

अडचण वेगळीच होती. ही अंगठी सासऱ्यांनी घेतलेली. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करत करत, बायकोला पत्रिकेतला सूर्य लाभावा म्हणून. जाऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली. गप्प राहिलं तर काम जातं, बोललं तर सासूबाईंच्या मनातला नवरा फसलेला ठरतो. सुगंधा उरलेली समई घासत राहिली. घासता घासता तिने ठरवलं, सांगायचं, पण नुसतं तोंडाने नाही.

सरावासाठी विकत घेतलेलं काच भरलेलं एक माणिक तिच्या डबीत होतं. ते आधी तिने सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं. "नीट बघा आई, एक रेघ नाही." मग वाटीत लिंबू पिळून, त्यांच्याच हाताने खडा आत टाकायला लावला आणि वाटी देवापुढे झाकून ठेवली. चंद्रप्रकाश पेपरामागून म्हणाला, "आता लोणचं घाल त्याचं."

रविवारी सकाळी झाकण सासूबाईंनीच काढलं. खड्यावर तसंच पांढरं जाळं. त्यांनी तो खिडकीशी नेला, उलटापालटा केला.

"मगे ह्यान कोणाचां संकट घेतल्यान?" त्या म्हणाल्या. "लिंबवाल्याचां?"

चंद्रप्रकाशला हसू फुटलं. सुगंधाला मात्र नाही, कारण सासूबाईंची नजर आता अंगठीवर गेली होती.

"म्हणजे ह्येंका फसवल्यानी."

सुगंधा खिडकीशी त्यांच्याजवळ गेली. "दगड माणिकच आहे, आई. तडे होते, ते काचेने बुजवले. विकणाऱ्याने बाबांना ते सांगितलं नाही. बाबांना कसं कळणार? मलाही शिकल्यावर कळलं. आणि रात्रभर लिंबात ठेवला तो मी. चूक माझी, संकट नाही."

सासूबाईंनी भिंग मागितलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला ते लावून अंगठीचा खडा जवळ आणला, लांब नेला, सुगंधाने हात धरून अंतर जुळवून दिलं.

"निळां दिसता," त्या हळूच म्हणाल्या.

"तीच काच."

त्यांनी भिंग परत केलं, गॅलरीत जाऊन सूर्याला पाणी सोडलं आणि तीच पांढरी पडलेली अंगठी अनामिकेत सरकवली. ह्येंनी दिलेली आसा, एवढंच म्हणाल्या. मग आत येता येता, जणू आठवलं म्हणून, "शेजारची नीलम पुष्कराज घेवक निघाली हा. तिका सांगान ठेवतंय, आधी आमच्या सुनेक दाखव."

चंद्रप्रकाशने पेपर खाली ठेवला. महिनाभराने बघू, हे तो पुन्हा बोलला नाही.

सुगंधाने वाटीतलं लिंबाचं पाणी बेसिनमध्ये ओतलं, देवांवरून फडकं फिरवलं, समईत वात घातली. मग पर्स खांद्याला लावली. लॅबमध्ये सोमवारी पासपोर्ट साइझचे फोटो द्यायचे होते, ते काढायला ती स्टेशनजवळच्या स्टुडिओत निघाली.