दिवा धरणारा हात

त्या भिंतीवरच्या प्रत्येक चित्रात माझा हात होता. मी एकाही चित्रात नव्हतो.

पिंपरीचा औषधाचा कारखाना तेव्हा नवा होता. तिथल्या अधिकाऱ्यांच्या क्लबात गुरुजींच्या शिष्यांनी काढलेली तैलचित्रं मांडली होती. काळोख, काळोखात पितळेचा दिवा, दिव्याच्या दांड्याभोवती एक हात. मनगटाच्या मागं सगळ्यांनी काळा रंग फासलेला. गुरुजींच्या स्वतःच्या चित्रात तर हात गोरापान होता आणि मनगटात सोन्याचं कडं होतं.

मी दाराशी उभा होतो. एका मोठ्या साहेबांच्या पत्नीनं गुरुजींना विचारलं, हा हात कुणाचा. गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं.

"हा काय. आमचा दिवा धरणारा."

बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "जरा वर कर बघू."

मी हात वर केला. चित्राच्या शेजारी धरला. त्यांनी चित्र बघितलं, हात बघितला, परत चित्र बघितलं आणि म्हणाल्या, चित्रातलाच बरा आहे. सगळे हसले. गुरुजीही हसले. बाई पुढच्या चित्राकडे गेल्या तरी माझा हात वरच होता. ते हसले याचा राग येतोच. पण सांगितल्याबरोबर मी हात वर केला, याचा जास्त येतो.

मी तिथं कसा पोचलो ते सांगतो.

आम्ही चाकणकडचे महार. बौद्ध झालो त्या साली गावानं आमचं सरपण नेणं, गुरं चारणं बंद केलं, म्हणून पिंपरीला आलो. रेल्वेच्या रुळाशेजारी झोपडं घातलं. मला कारखान्यात रंगाऱ्याचं काम लागलं. पाइप, टाक्या, खिडक्यांचे गज. हातात ब्रश आला आणि मी बिघडलो. डब्याच्या तळाशी राहिलेला रंग घरी न्यायचो आणि मोडक्या पत्र्यावर चित्रं काढायचो. एकदा आईचा चेहरा काढला. आधी गंज धरू नये म्हणून मारतात तो तांबडा रंग लावला, तो वाळल्यावर वरून पांढरा अगदी पातळ ओढला. खालचा तांबडा वर आला. गालाच्या आतून उजेड यावा तसा आला. मी ब्रश खाली ठेवला आणि रडलो. देवाला नमस्कार करणं आम्ही सोडलं होतं. तरी त्या पत्र्यापुढं हात जोडावेत असं वाटलं. हे काय आहे, कुठून आलं, कुणाला विचारावं, कळेना.

म्हणून गुरुजी. पुण्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, चिंचवड गावात नदीच्या अंगाला राहणारे. कारखान्याच्या कचेरीत लावायला चित्र काढायचं म्हणून आले होते. तो पत्रा मी त्यांना दाखवला. त्यांनी चित्राकडे ओझरतं बघितलं आणि मग बराच वेळ माझ्या हाताकडे.

"हात फार स्थिर आहे तुझा," ते म्हणाले. "रविवारी ये."

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. मी धुतलेला सदरा घालून गेलो.

त्यांच्या माडीवर दर रविवारी सकाळी साधना चाले. कारखान्यातले एक साहेब, त्यांची बायको, दोन शिक्षक, एक वकील. पुढच्या खिडक्या बंद, वर घोंगड्या टांगलेल्या. चित्रं काढणाऱ्यांच्या पाठीमागची एक झडप तेवढी किलकिली. गुरुजी सांगत, ज्योत बघा, मग ज्योत विसरा, आत बघा, आतला उजेड कॅनव्हासवर येऊ द्या. आवाज असा, की ऐकत राहावं. मला वाटलं, माझ्या पत्र्यावर आलं ते हेच. या माणसाला त्याचं नाव ठाऊक आहे.

मला त्यांनी दिवा धरायला दिला. आधी उजेडाची सेवा, मग उजेड, असं म्हणाले. मी म्हटलं, असेल रीत. दांडा घट्ट धरून तास न् तास उभा राहायचो. तेल ओघळून अंगठ्यावर यायचं. चटका बसला तरी हात हलू द्यायचो नाही. तीच माझी साधना, असं मनाला सांगायचो. एकमेकांची चित्रं पुरी होईस्तोवर बघायची नाहीत, असा तिथला नियम होता. मी समोर उभा, कॅनव्हासच्या पाठी तेवढ्या मला दिसायच्या.

मग पाणी कुठं मुरतंय ते कळू लागलं.

खोलीत स्टूल होतं. त्यावर दिवा मावला असता. साहेबांच्या बायकोनं एकदा विचारलंही. गुरुजी म्हणाले, लाकडावर ज्योत मेल्यासारखी दिसते, बोटांमागं धरली की मांस तांबूस पेटतं, त्यानं चित्राला जीव येतो. म्हणजे त्यांना माझं मांस पाहिजे होतं. मी ते ऐकलं आणि गिळलं. मग साहेबांचा मेहुणा पुण्याहून राहायला आला. त्याला ब्रश कसा धरायचा तेही येत नव्हतं. पहिल्याच रविवारी त्याला बसायला पाट, पुढं कॅनव्हास, हातात रंग. त्यानं कुणाची सेवा केली नाही. मी सगळे गेल्यावर गुरुजींना विचारलं, माझी पाळी कधी.

ते रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढं आले, ठेवला नाही, आणि मायेनं म्हणाले,

"तुझ्यात पिढ्यांचा अंधार आहे. तो लगेच कसा जाईल?"

आणि मी ते खरं मानलं. कित्येक दिवस घरी पत्र्याला हात लावला नाही. आरशात बघून स्वतःत अंधार शोधायचो. आईचं चित्र उलटं करून ठेवलं, कारण त्यात उजेड दिसला होता तो माझा नसणार, चुकून आला असणार, असं वाटायला लागलं. यानंतर ते प्रदर्शन झालं.

क्लबातून मी तडक घरी आलो. बाप भाकरी खात बसला होता. गावाकडं देवाच्या छबिन्यापुढं, रात्रीच्या पालखीपुढं, मशाल धरायचं काम आमच्या घराण्याकडं होतं. गाव त्याला मान म्हणायचं. बापाचा हात कोपरापर्यंत तेलानं भाजलेला आहे, तो त्या मानाचा. बौद्ध झालो त्या साली बाप मशाल धरायला गेला नाही. पाटलाची माणसं दाराशी येऊन शिव्या देऊन गेली, तरी उठला नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. दिवा, हात, बाई. त्यानं घास थांबवला.

"त्येल सांडायचं का हातावं?"

"सांडायचं."

"मंग मशालच की ती. माडीवं न्हेली येवढंच."

त्यानं भाकरीचा तुकडा परत ठेवला.

"मी न्हाई म्हनलं तर गाव हानायचं. तुला कोन हानत हुतं रं?"

मला कुणीच मारत नव्हतं. गुरुजींच्या गोड बोलण्याला, आतला उजेड, साधना असल्या शब्दांना भुलून, बापानं खाली टाकलेलं मी आपण होऊन उचललं होतं. मला त्या शब्दांची शिसारी आली. तरीही आईच्या गालावर दिसलं होतं ते खोटं नव्हतं, हेही तेव्हाच पक्कं झालं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. गुरुजींनी नव्हतं बघितलं, ते तेव्हा माझा हात मोजत होते.

पुढच्या रविवारी मी आईचं चित्र उचललं आणि चिंचवडला गेलो. गुरुजींनी नेहमीसारखा दिवा पुढं केला. मी घेतला आणि स्टुलावर ठेवला. पत्रा भिंतीला टेकवला आणि मेहुण्याशेजारी खाली बसलो.

"आज मी काढणार. हात कुणाचा पाहिजे तो घ्या."

वकील खाकरला. गुरुजी डोळे मिटून म्हणाले, उतावळ्या माणसाला आतला उजेड दिसत नसतो.

"मग बाहेरचा तरी बघू द्या," मी म्हणालो. उठलो, घोंगडी ओढून काढली आणि पुढची खिडकी सताड उघडली.

नदीवरचं ऊन एकदम आत आलं. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. साधनेची ती खोली उजेडात अगदीच साधी निघाली. कोपऱ्यात जळमटं होती, गादीवर तेलाचे डाग होते. मी पहिल्यांदाच पलीकडं जाऊन कॅनव्हास बघितले. नवीन चित्रं सुरू झाली होती. माझा हात अजून यायचा होता, पण मेहुण्यानं त्याच्यासाठी फिका गुलाबी रंग आधीच घोटून ठेवला होता.

"खिडकी लाव," गुरुजी म्हणाले.

"ज्याला अंधार पाहिजे त्यानं उठून लावावी."

एकही जण उठला नाही. पापभीरू, सुसंस्कृत माणसं ती. सगळी माझ्याकडे बघत बसली होती, मी लावेन म्हणून. इतकी सवय. मी पत्रा काखेत मारला आणि जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात माझा ब्रश काढून घेतला. जुन्या टाक्यांचा गंज खरवडायला लावलं. कारण कुणी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत नाकातोंडात तांबडी पूड जायची, थुंकी तांबडी पडायची. काही आठवड्यांनी माडीवर येणाऱ्या साहेबांनी फोरमनकरवी निरोप धाडला. जाऊन गुरुजींच्या पायावर डोकं ठेव, ब्रश परत मिळेल. फोरमन माणूस वाईट नव्हता. आमच्याच चाकणकडचा, माळी. म्हणाला, "जाऊन ये की राव. दोन मिनिटांचं काम हाय. आन् त्ये म्हनत्यात, म्हातारा तुला शिकवायला बी तयार झालाय."

ते ऐकून काळजात हललं, हे कबूल करतो. मला शिकायचं होतं. अजून शिकायचं आहे. तैलरंगातलं मला फार थोडं येतं, आणि जे एकदा आईच्या गालावर आलं ते परत दर वेळी येत नाही. पण तुझ्यात उजेड आहे हे त्यांनी आज ठरवायचं, म्हणजे उद्या नाही हेही त्यांनीच ठरवायचं. त्यांचं होय मला त्यांच्या नाहीइतकंच घातक वाटलं.

फोरमनला मी सांगितलं, जाणार नाही. आज नाही, पुढंही नाही. मी शिकेन, चुकेन, पत्रे वाया घालवेन. माझ्यात काय आहे ते माझं मी रंगात शोधीन. तिथं उजेड सापडला नाही तर जो सापडेल तो अंधार काढीन, पण तो माझा असेल, आणि त्याला मनगटाच्या मागं चेहरा असेल.

मग मी खरवडणी उचलली आणि टाकीत उतरलो.