रिझर्व्हचं रॉकेल

बर्फ पडायच्या तोंडावर माझं सीमेवरच्या एका डोंगरी पोस्टवर पोस्टिंग झालं. मी रोह्याचा, हवालदार, काम स्टोअरचं. हाताखाली नाईक दत्ताराम, पेणचा. त्याच्या घरी गणपतींचा कारखाना. एकदा खिंड बंद झाली की उन्हाळ्यापर्यंत खालून काही येत नसे. बंकरमध्ये असेल त्यावरच जगायचं.

हिशोब ऐकायला साधा. एका माणसाला रोज लागणारं रॉकेल, गुणिले माणसं, गुणिले खिंड बंद राहण्याचे दिवस. खिंड उशिरा उघडली तर म्हणून वर थोडं रिझर्व्ह. पण रॉकेल वाढवलं की तांदळाची जागा जाते आणि तांदूळ वाढवला की रॉकेलची. कसंबसं जुळवलं, तेवढ्यात आणखी एक सेक्शन आलं. माणसं वाढली, भिंती तेवढ्याच. कॅप्टनसाहेब म्हणाले, "बसवा." साहेबांचं काय जातं! शेवटी तांदळाच्या गोण्या स्टोअरबाहेर काढून आम्ही त्यांचेच पलंग केले. जवान तांदळावर झोपले, रिकाम्या जागेत रॉकेलचे जेरीकॅन बसले.

"दादा, आता कोण शिंकला तरी भिंत फुटंल," दत्ताराम म्हणाला.

हसलो खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सारखा जाऊन कॅन हलवून बघायचो.

खिंड बंद झाली आणि काही आठवड्यांनी वरच्या पोस्टवरून रेडिओवर निरोप आला. आमच्या सेटवर दत्ताराम होता. पलीकडचा आवाज म्हणाला,

"स्टोअरचं छत बर्फानं बसलं. कॅन फुटले. बुखारीला रॉकेल नाही. ओव्हर."

बुखारी म्हणजे शेगडी. ती विझली की तिथे माणूस गोठतो.

"पाठवतो. ओव्हर." दत्तारामनं मला विचारलंसुद्धा नाही.

मी भडकलो. "रिझर्व्ह तुझ्या बापाचं आहे काय?"

"दादा, कारखाना कितीबी भरलेला असू दे, पाट घेऊन आलेल्याला आमच्यात माघारी नाय धाडत."

आमच्याकडे लोक घरचा पाट कारखान्यात आणून ठेवतात, त्यावर त्यांची मूर्ती बसते. पाट ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला.

"हा कारखाना नाही," मी म्हणालो. कॅप्टनसाहेबांनी मात्र मंजुरी दिली.

दोन जवान घेऊन दत्ताराम निघाला. दुपारी वरून आवाज आला, "रॉकेल मिळालं. ओव्हर." उतरताना बर्फाचा कडा सुटला. जवान वाचले. दत्तारामला आम्ही संध्याकाळी उकरून काढलं, तेव्हा तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी हिशोब नव्याने मांडायचा होता. माणसांच्या आकड्यातून मी एक वजा केला. त्या हिवाळ्यात मागणी कमी झाली ती तेवढी एकदाच. पेन्सिल फेकली आणि बाहेर जाऊन रडलो. उन्हाळ्यात वरच्या पोस्टवरचे सगळे आपल्या पायांनी खाली आले.

आता मी धाटावच्या एका कंपनीत गोडाऊन सांभाळतो. सुट्टीला रोह्याहून पेणला जातो. दत्तारामची बायको सुनंदा कारखाना चालवते. शेड तीच, मागणी दरवर्षी वाढती. रंगवलेल्या मूर्तीला मोकळी जागा लागते, कच्च्या मूर्ती दाटीनं राहतात. म्हणून मी सांगितलं, आधीपासून रंगवून ठेवू नका. ज्याची मूर्ती आधी जायची, तीच आधी रंगवा. दोन वर्षं त्यावर निभलं. यंदा मूर्ती ठेवायच्या फळ्याही भरल्या.

"वहिनी, आता पाट बंद," मी म्हणालो.

"व्हय, भावोजी. आता नाय घेत."

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ. कोलाडहून एसटीनं आलेले, काखेत पाट. सुनंदानं शेडकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"ठेवा बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "माघारी कसं धाडू, भावोजी?"

शेडमध्ये जागा एकच उरली होती, मी बसलो होतो ती. उठलो, खुर्ची दुमडून बाहेर ठेवली. पाट तिथे नेमका बसला. वर भिंतीवर युनिफॉर्ममधला दत्ताराम आहे. या वेळी मी भडकलो नाही.