मी पास केलेला निळा

“आई, तुझा ग्लास हिरवा झालाय.”

“हिरवा कुठला? तिच्यासारखाच आहे की.”

“तिचा निळा आहे. तुझा हिरवा. कुणालाही विचार.”

विचारायची गरजच नव्हती. टेबलाभोवतीची पाच-सहा माणसं माझ्या ग्लासाकडं बघत होती आणि माझ्याकडं बघायचं टाळत होती. शिकवणारी फिओना हसून म्हणाली, “छान आहे हां, आंटी. वेगळा आहे.”

वेगळा! सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी, त्यातली बरीचशी शेड पास करण्यात. आमच्यात ‘वेगळा’ हे कौतुक नसतं. वेगळा म्हणजे रिजेक्ट.

थोडं मागून सांगते. माझी लेक सुवर्णा पुण्यात नोकरी करते. मी रिटायर झाल्यापासून घरात नुसती बसून असते, म्हणून ती मला चार दिवस गोव्याला घेऊन गेली. तिथं समुद्रावर वाळूत ताडपत्रीखाली टेबल मांडून एक क्लास चालायचा. तिनं दोघींची नावं घातली. मला वाटलं, माशांच्या स्वयंपाकाचा असेल, लांब बसून बघू. बघते तर कॉकटेलचा क्लास!

“अगं, आपण लिंगायत, गळ्यात लिंग आहे माझ्या. आणि तू मला दारू कालवायला आणलंस?”

“तुझ्यासाठी बिनदारूचं आहे, आई. सिरप, रस आणि सोडा. सरबतच समज.”

सरबत म्हटल्यावर उभी राहिले. आणि खोटं कशाला बोलू, दहा मिनिटांत रंगले. दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं एक छोटं माप असतं, त्यानं सगळं मोजून घ्यायचं. जड सिरप तळाला, हलकं वर, चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं, म्हणजे थर मोडत नाहीत. बाकीच्यांचे थर मोडले, माझे तिन्ही उभे राहिले. फिओना म्हणाली, “आंटी, हात काय स्थिर आहे तुमचा! काय काम करता?” मी म्हटलं, “रंगखात्यात होते.” ‘होते’ म्हणताना कसंतरीच झालं.

रंगखातं म्हणजे काय ते सांगते. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवतं, की हुबेहूब याच रंगाचे टॉवेल पाहिजेत. मग आम्ही निळा इतका, पिवळा इतका असं वजन करून कापडाचा छोटा तुकडा रंगवायचा. त्याला सॅम्पल म्हणतात. ते गिऱ्हाइकाच्या तुकड्याशेजारी धरायचं. रंग जुळला की शेड चेकर मागं चिठ्ठीवर सही करतो, ‘पास’. मग तीच वजनं वाढवून सगळा लॉट मोठ्या मशीनमध्ये जातो. सही चुकली की लॉट गेला. मी आत लागले ते सुताच्या लड्या बांधायला. शिक्षण सातवी. बघून बघून शिकले आणि शेवटी ती सही माझी झाली. रंग मोजायचं मशीन येतं बाजारात, पण शेठ म्हणायचे, “महानंदाबाई हेच माझं मशीन.”

तर क्लासच्या शेवटी खेळ होता. फिओनानं एक ग्लास भरून मधोमध ठेवला. निळं सिरप, सोडा, किंचित अननसाचा रस. म्हणाली, “चव घ्यायची नाही. नुसतं बघून असाच रंग करून दाखवा.” मला हसूच आलं. हे तर माझंच काम! मी सगळ्यांच्या आधी तयार केला. शेजारी धरून बघितला. पास. आणि लेक म्हणते, हिरवा.

“उजेड बरोबर नाही,” मी म्हटलं. “उन्हं कलल्यावर शेड बघत नसतात.”

“आई, सगळ्यांना तोच उजेड आहे ना?”

मी ग्लास खाली ठेवला. मला लेकीचं बोलणं लागलं नव्हतं. मला नरसम्मा ऐकू आली होती.

नरसम्मा आमच्या खात्यात रंगाची वजनं करायची. घरी तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच. एकोणीस वर्षं आमची टेबलं लागून होती. उत्तरेकडची खिडकी उघडायची, तिथल्या उजेडात दोघींनी तुकडे धरायचे. डबा एकत्र. तिच्या डब्यात चिंचेचं कालवण असायचं, पुलुसू म्हणतात ते त्याला, माझ्या डब्यात कडक भाकरी. भाकरी पुलुसूत मोडून खायची. मला सख्खी बहीण नाही. ती अक्का म्हणायची, तेवढ्यानं माझं भागायचं.

दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा हॉटेलची मोठी ऑर्डर आली. समुद्राच्या निळ्या रंगाचे टॉवेल. मी सॅम्पल धरलं, जुळलं, सही करायला पेन काढलं.

नरसम्मा म्हणाली, “अक्का, हिरवं मारायलंय गं.”

“कुठं मारतंय? मला तर दिसत न्हाय.”

“मला दिसतंय की. पिवळा थोडा कमी करूया.”

मशीनवरचे दोघं तिथंच उभे होते. त्यातला एक हसला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, “नरसम्मा, तू काट्यापुरतं बघ. शेड मी बघते.”

ती काट्याकडं वळली. काट्यापुरतं बघितलं.

लॉट परत आला. गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, हिरवट आहे. शेठनी दोघींना बोलावलं. मी म्हटलं, “सॅम्पल बरोबर होतं. वजनात चुकलं असेल.” मला खरंच तसं वाटत होतं. काट्याचा मिस्त्री आला, त्यानं काटा तपासला, काटा बरोबर निघाला. म्हणजे काट्यावरचा हात चुकला, असा सगळ्यांनी हिशेब लावला. सॅम्पलचा तुकडा तिथंच होता, पण त्याच्यामागं माझी सही होती. लोकांनी सही बघितली, तुकडा कुणी बघितला नाही.

नरसम्माला वजनावरून काढून घडीखात्यात टाकलं, टॉवेलच्या घड्या घालायला. आठव्या दिवशी ती यायची बंद झाली. मी एकदा तिच्या घरी गेले. सून म्हणाली, “सासूबाई घरात न्हाईत.” नरसम्माच्या चपला दारातच होत्या. मी परत आले. मनाला म्हटलं, चुकली ती आणि फुगली पण तीच! पण खिडकीशी उभी राहिले की हात आपोआप तुकडा शेजारी सरकवायचा, आणि शेजारी कोणी नसायचं. निळ्याची मोठी ऑर्डर परत आली नाही, आणि वर्षभरात मीही रिटायर झाले.

आता कळलं का, त्या हिरव्या ग्लासापाशी माझं काय अडकलं होतं? आज मी चुकले असेन, तर त्या दिवशी कोण चुकलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी सुवर्णाला घेऊन परत फिओनाकडं गेले. म्हटलं, “पोरी, पाच ग्लास दे. आणि टेबल ताडपत्रीखालून बाहेर काढ, तिचा रंग पडतो.” अननसाचा रस रुमालातून गाळून घेतला, नाहीतर गढूळपणावरून ओळखू येतं. पाचही ग्लासांत सिरप सारखं, सोडा सारखा. पहिल्यात रस नाही, दुसऱ्यात एक चमचा, तिसऱ्यात दोन, असं पाचव्यापर्यंत. ग्लासाच्या बुडाला चिठ्ठीवर नंबर. खाली पांढरा कागद. मी पाठ केली आणि सुवर्णानं ग्लासांच्या जागा बदलल्या.

“लाव आता ओळीनं, आई.”

शेवटचे दोन लावले. पहिले तीन माझ्यासमोर तिळ्या भावंडांसारखे उभे. मी उचलून बघितले, आकाशासमोर धरले, अंदाजानं ठेवले. चुकले. परत केलं. परत चुकले. मग एकेक डोळा झाकून केलं. दोन्ही डोळ्यांनी तेच.

फिओना म्हणाली, “एवढं सीरियस नका घेऊ हो, आंटी. सुट्टी आहे तुमची.”

“सुट्टी माझी आहे, डोळ्यांची न्हाय.”

सुवर्णानं हळूच विचारलं, “नरसम्मामावशीचं आठवतंय का?” मी मान हलवली. समोर एवढा समुद्र होता, लोक येऊन त्याचे फोटो काढत होते. मी त्याच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा वाटलं, हा मला दिसतोय तसाच आहे का, कोण जाणे.

सोलापूरला आल्या आल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, “मोतीबिंदू आहे दोन्हीकडं. चांगलाच पिवळा पडलाय.”

“पण मला धुरकट दिसत नाही. चष्मा लावून पेपर वाचते.”

“अक्षरं दिसतात हो, आजी. पण तुम्ही कितीतरी दिवस पिवळ्या काचेतून बघताय. निळं आणि हिरवं त्यात जवळ येतं. हळूहळू होतं, म्हणून आपल्याला कळत नाही.”

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तर मी नर्सला विचारलं, “हा पडदा कधी बदलला?” ती म्हणाली, “कुठला पडदा? कालचाच आहे.” काल मी तो शेवाळी समजले होते. निळा होता तो. असा निळा, की बघून रडू आलं. नर्स ओरडली, “रडू नका, डोळ्याला त्रास होईल.”

घरी कपाटात स्टीलच्या डब्यात माझे पास केलेले तुकडे आहेत. रिटायर होताना मागून आणले होते. त्या लॉटचं सॅम्पल आणि गिऱ्हाइकाचा तुकडा त्यातच होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस गेले, तसे दोन्ही तुकडे सकाळच्या उजेडात धरले. उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याला दोन्ही सारखे. डावा झाकला. उजव्या डोळ्याला माझं सॅम्पल हिरवं. थोडंथोडकं नाही, चांगलं हिरवं मारत होतं. एका डोळ्याला मी खरी, एका डोळ्याला नरसम्मा. आणि बरा झालेला डोळा तिच्या बाजूनं होता.

तुकडे पिशवीत घातले आणि तिच्या घरी गेले. या वेळी दार तिनंच उघडलं. केस पांढरे झालेले. आत ये म्हणाली नाही, नको पण म्हणाली नाही. मी उंबऱ्यातच तुकडे काढून तिच्या हातात दिले.

“नरसम्मा, हिरवं मारायलंय.”

तिनं तुकड्यांकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्याकडं बघत राहिली. “ऑपरेशन केलीस व्हय?”

“उजव्याचं केलं. डावा राहिलाय.”

“लई उशीर केलीस.”

“तुला ठाऊक होतं?”

“मला न्हाय तर कुणाला? त्याआधी वर्षभर तू पास करायची आन् ते हिरवं असायचं. मी वजन करताना पिवळा जरा कमी टाकायची. चिठ्ठीवर तुझं, काट्यावर माझं. एक लॉट परत आला का त्या वर्षात?”

नव्हता आला. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

“मग मला का नाही बोललीस?”

“बोलले की. मोठी ऑर्डर होती, चोरून करायला भ्या वाटलं, म्हणून तोंडानं बोलले. तू म्हणालीस, काट्यापुरतं बघ.” तिनं तुकडे माझ्या हातात परत ठेवले. “मग बघितलं काट्यापुरतं. चिठ्ठीवर हुतं तेवढंच टाकलं. एक गरामसुद्धा इकडं-तिकडं न्हाय.”

म्हणजे माझं वजन जसंच्या तसं टाकलेला त्या वर्षातला तो एकच लॉट होता.

चहा दिला तिनं. डोळ्यात कुठले ड्रॉप टाकते ते विचारलं. मी म्हटलं, “शेठकडं जाऊन सांगते सगळं. तू परत ये कामाला.” ती म्हणाली, “सांग. खात्यात सगळ्यांसमोर सांग. पर मी येनार न्हाय तिथं.” ती आता दुसऱ्या कारखान्यात आहे. वजनाला नाही, शेड पास करायला. सही तिची चालते. ऐकून अभिमान वाटला. पण तिच्या शेजारच्या टेबलावर आता दुसरी कोणीतरी असणार.

ठरल्याप्रमाणे कारखान्यात गेले. शेठ म्हणाले, “महानंदाबाई, दोन वर्षं झाली, आता कशाला उकरून काढता?” मी म्हटलं, “तिला वजनावरून काढलं तेव्हा सगळे बघत होते. आता ऐकायलाही सगळे पाहिजेत.” मशीनवरचे, घडीखात्यातले, सगळे गोळा झाले. मी दोन्ही तुकडे दाखवले, माझी सही दाखवली. जो त्या दिवशी हसला होता, तो खाली बघत होता. वाईट वाटून घेऊ नको म्हटलं त्याला, तू नुसता हसलास, बोलले तर मी.

माझ्या टेबलावर आता दोन नवीन मुली आहेत. शिकलेल्या आहेत, हुशार आहेत. त्यातली एक म्हणाली, “मावशी, मग आम्ही काय करायचं?”

मी म्हटलं, “दरवर्षी डोळे तपासायचे. आणि शेजारची म्हणाली हिरवं मारतंय, तर पेन खाली ठेवायचं, दोघींनी चहा प्यायचा आणि परत बघायचं. तेवढा वेळ कुठल्याही ऑर्डरीत असतो. मी काढला नाही.”