लाकडाला सोडलेली माया

मावशींची सारी हयात शिवणयंत्रापुढे गेली. गुडघ्यांनी यंत्र चालवण्यास साफ नकार दिला, तेव्हा त्यांनी त्यावर झाकण घातले आणि लोकांनी टाकून दिलेले लाकडी सामान हाती घेतले. धंदा बदलला, स्वभाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता.

एखाद्या घरातून जुनी खुर्ची बाहेर निघाली की ती रस्त्याला लागण्यापूर्वीच मावशींच्या दारात येई. त्या आधी तिला ‘उसवीत’. ‘मोडणे’ हा शब्द त्यांना खपत नसे. प्रत्येक सुट्या भागावर खडूने खूण करीत आणि पुन्हा जोडताना खिळ्याऐवजी स्क्रू पिळीत.

“जे उसवता येत नाही, ते मी शिवत नाही,” असे त्या शेजारच्या सुतारमिस्त्रींना ठणकावून सांगत. मिस्त्री पोट धरून हसत. करवत मात्र बिनतक्रार उसनी देत.

सून दातांची डॉक्टर. तिने गल्लीच्या टोकाला स्वतःचा दवाखाना थाटला, तेव्हा बाहेरच्या खोलीतले बाक आपण करणार, असे मावशींनी परस्पर जाहीर करून टाकले. त्यासाठी कुणीतरी फाटकापाशी आणून ठेवलेले एक उंच, अरुंद कपाट त्यांनी हेरले होते.

सुनेच्या कपाळाला आठी पडली. “आई, माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात. त्यात बसायला मोडकं कपाट?”

“मोडकं नाही, फुकट मिळालेलं. दोन्हींत फरक असतो, डॉक्टरीणबाई.”

अखेर तह झाला. दवाखाना सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी बाक जागेवर बसावे आणि सुनेला पटावे. नाहीतर दुकानात सांगून ठेवलेल्या खुर्च्या येतील. मावशींच्या वस्तूंचे कौतुक सगळे करीत, परंतु त्यांची रवानगी गच्चीत नाहीतर जिन्याखाली होई. दर्शनी खोलीत अजून एकीलाही मानाची जागा मिळाली नव्हती. ती त्यांना हवी होती, आणि मिळणार याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कपाट आडवे झाले. त्याचे खण मासिके आणि मुलांची खेळणी ठेवण्यासाठी मोकळे राहिले. वर लांब फळी बसली, फळीवर जाड पडद्याच्या कापडाची गादी. रंग दिला गर्द निळा.

ठरल्या संध्याकाळी मिस्त्रींनी एका टोकाला हात लावला आणि बाक दवाखान्यात पोचले. भिंत आणि खांब यांच्यामधल्या जागेत ते बसायचे होते. बसेना. फळी दोन्हीकडून दोन-दोन बोटे जास्त!

मिस्त्रींनी फळीकडे पाहिले, मग मावशींकडे. “मावशी, माया सोडलीत की काय?”

मावशी स्वतःच खो खो हसल्या. कापड बेतताना शिवणीसाठी जादा सोडायची ती माया. हात सवयीने लाकडावरही उदार झाला होता.

“आता दुमडा तेवढी आत!” मिस्त्री म्हणाले.

“दुमडते कशाला? उसवते.”

“मायाच कापताय, आई?” दारातून सून म्हणाली. “माझ्या वाट्याची तेवढी ठेवा.”

“तू आधी स्क्रूड्रायव्हर दे.”

स्क्रू सुटले, गादी उतरली, करवत फिरली, फळी पुन्हा चढली. बाक खांबाला खेटून असे बसले की मध्ये कागदही जाऊ नये. सुनेने मात्र कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“हे टोकदार आहे. लहान मूल आपटलं तर माझ्याकडे दात पाडूनच येईल.”

“बरोबर आहे तुझं.” मावशींनी वाद घातला नाही. पॉलिशपेपर घेऊन कोपरा गोल होईपर्यंत घासला.

सून बाकावर बसली. पाय लांब केले, पाठ मागच्या भिंतीला टेकली, जरा उसळूनही पाहिले. मग तिने फोन लावला.

“त्या खुर्च्या पाठवू नका. हो, सगळ्याच. नाही हो, तुमच्या मालात काही खोट नाही. इथे जागाच उरली नाही.”