काचेच्या पेटीचा हार

दसऱ्याला तुम्ही परदेशातली मंडळी तिकडे गाडीला हार घालता, त्याचे फोटो पाहिले की मला वसईतलं एक लहानसं प्रसूतिगृह आठवतं.

मी बायोमेडिकल इंजिनीअर. दवाखान्यांतली यंत्रं बसवायची आणि चालती ठेवायची, हे माझं काम. पुढे त्यासाठी देशोदेशी हिंडले. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही वसईच्या एव्हरशाईन सिटीत नुकते राहायला आलो होतो. त्या प्रसूतिगृहात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी मीच बसवली होती.

त्या दसऱ्याला दुपारी तिथल्या सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, पेटी ओरडतेय, अलार्म थांबतच नाही. बाळाला बाहेर काढून आईच्या छातीशी दिलंय. पण फार लहान आहे हो, लवकर या."

मी पोचले तेव्हा पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं आणि खोलीभर झेंडूचा वास होता. आज आठवली की ती खोली मला पाण्याखाली असल्यासारखी दिसते. पलंगावर आई, तिच्या पदराआड मुठीएवढं डोकं. सगळे कुजबुजत होते. ओरडत होती ती फक्त पेटी.

मी मागे जाऊन वाकले. पेटी जिथून हवा आत घेते, त्या जाळीवरच जाडजूड हार आवळून बांधलेला.

"काढू नको, बाय," दारातून बाळाची आजी म्हणाली. ती पाचूबंदरची कोळीण. "मीच घातलाय. होडीला घालतो, मंग हिला नको? माजा नातू हिच्या पोटात हाय."

"आजी, तिला श्वास घेता येत नाहीये."

तिचा चेहरा उतरला. मी हार सोडवला, अडकलेल्या पाकळ्या वेचल्या, आतली गाळणी बदलली. ओरडणं थांबलं. पेटी पुन्हा उबदार होईपर्यंत आम्ही त्या उन्हात नुसत्या बसून राहिलो. हार आजीच्या मांडीवर.

"माज्या हारानं पोराला काय झालं तर?" तिने हळूच विचारलं.

सिस्टरांनी पदराखाली हात घातला. "पाय गरम आहेत. आईची पेटी बंद पडत नाही, आजी."

मग बाळ काचेआड गेलं आणि त्याने भलीमोठी जांभई दिली. आजीला लगेच कंठ फुटला. "आता हिला सनाच्या दिवशी उघडीच ठेवायची? तुज्या घरी पूजा नाय काय, इंजिनेर बाय?"

मी सलाईनचा स्टँड ओढून पेटीशेजारी उभा केला. हार त्यावर चढला. आजीने लांबूनच हात जोडले.

पुढे आफ्रिकेतल्या एका तळ्याकाठच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या यंत्रावर नर्सने भरतकामाचा रुमाल पांघरलेला दिसला, नेमका जाळीवर. ते भरतकाम तिने स्वतः केलं होतं. मी रुमालाची घडी केली आणि भिंतीवर खिळा ठोकायला जागा शोधू लागले.

तेव्हापासून कुठलंही यंत्र बसवण्याआधी मी शेजारी एक हूक ठोकून घ्यायचे. हा कशाला, असं सोबतचे विचारायचे. मला मात्र तिथे, समुद्रापलीकडेही, झेंडूचा वास यायचा.